ली ग्रुप, दोन फेरे आणि एक पांढरा शर्ट

“शर्ट हाय का फळा हाय रं ह्यो? फळा समजून गणित मांडलंस व्हय माझ्या अंगावर?”

आमच्या गणित विभागाचे प्रमुख मिसळीच्या हॉटेलात उभे राहून ओरडत होते. पांढऱ्याशुभ्र शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत लालभडक कट ओघळत होता. आवाज असा, की पंचगंगेपलीकडच्या म्हशींनी रवंथ थांबवलं. हॉटेलातली माणसं मात्र खात राहिली. कुणी ओरडतंय म्हणून घास थांबवायचा झाला, तर कोल्हापूर उपाशी मरेल.

दोष माझा नव्हताच. दोष पुस्तकांना प्रस्तावना लिहिणाऱ्यांचा.

एम.एस्सी.ला ली ग्रुप आणि ली अल्जिब्रा हा पेपर शिकवायला मी आपण होऊन मागून घेतला होता. एखादी वस्तू सलग फिरवत राहिलं की त्या सगळ्या फिरवण्यांचं मिळून जे कुटुंब होतं, तो ली ग्रुप. त्यातली अगदी पहिली, दिसेल न दिसेल अशी हालचाल पकडून मांडलेला हिशेब, ती ली अल्जिब्रा. इतकं सरळ. पण कुरुंदवाडहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं पहिल्याच तासाला विचारलं, “सर, वाचायला सुरुवात कुठनं करायची?” हे प्रमुखांच्या कानावर गेलं.

“पोरांना झेपंल असं एक पुस्तक आणून दाव,” ते म्हणाले. “न्हाईतर पेपर बंद. बी.कॉम.ला व्यापारी गणित शिकवायला माणूस पायजेच हाय.”

बी.कॉम.चा तो वर्ग असा, की आत शिरण्याआधी शिक्षक घरी फोन करून सगळ्यांशी गोड बोलून घेतात. मी त्याच दिवशी शोधाला लागलो.

पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, वाचकाला कसल्याही पूर्वतयारीची गरज नाही. आपल्याकडे पुण्याच्या पाहुण्याला तांबडा रस्सा वाढताना “कायबी तिखट न्हाय ओ, लेकरं खात्यात” म्हणतात, अगदी तोच प्रेमळ सूर. दुसऱ्या पानावर माझ्या डोळ्यांतून पाणी. दुसरं पुस्तक भौतिकशास्त्रवाल्यांचं. त्यात जिथं अडावं तिथं ‘हे उघडच आहे’ असं लिहून लेखक जेवायला निघून गेलेला. तिसरं नावानं ‘परिचय’, पण वजनानं असं की स्कूटरच्या मागं बांधून पन्हाळ्याचा चढ चढताना पुढचं चाक उचललं आणि निम्मा घाट मी एकाच चाकावर चढलो. शेवटी इंटरनेटवर विचारलं. तिथं देशोदेशीचे विद्वान माझा प्रश्न बाजूला ठेवून एकमेकांची पुस्तकं धुवायला लागले.

आणि मग आमच्याच ग्रंथालयात, किरकोळ म्हणून बाजूला टाकलेल्या पुस्तकांत, एक सडपातळ पुस्तक सापडलं. इतकं बारीक पुस्तक गणिताचं असणं कुणालाच पटलं नसावं. साध्या मॅट्रिक्सपासून सुरुवात, आणि तळहातावर बशी फिरवणाऱ्या माणसाचं चित्र. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

उपाशी प्रमुख काहीच मंजूर करत नाहीत, आणि पोट भरलं की झोपतात. म्हणून त्यांना मिसळीला नेलं आणि निम्मी मिसळ संपताना गाठलं.

“बघा सर. तळहातावर वाटी धरायची. काखेखालून एक फेरा. वाटी होती तशी सरळ, पण हात पिळवटलेला. आता त्याच दिशेनं डोक्यावरून दुसरा फेरा, की हात मोकळा. एका फेऱ्यात राहिलेला पीळ दोन फेऱ्यांत सुटतो.”

पुस्तकात रिकामी बशी होती. रिकाम्या बशीवर कोल्हापुरात कोण विश्वास ठेवणार? मी कटाची काठोकाठ भरलेली वाटी घेतली.

पहिला फेरा झाला. थेंब सांडला नाही. कोपर वर, खांदा कानाशी, हात चरकातून निघालेल्या उसासारखा. शेजारच्या टेबलावरचा पैलवान आदरानं उभा राहिला.

“आरं मोडंल की हात, दे हिकडं,” म्हणत प्रमुखांनी वाटी ओढली.

पुढचं वर आलंच आहे.

“सर, तुम्ही एका फेऱ्यावर थांबवलंत,” मी म्हणालो. “दुसरा झाला असता तर...”

“दुसऱ्यात पँट रंगवणार हुतास?”

“सर, आनखी कट आनू का?” गल्ल्यावरून मालकानं विचारलं.

प्रमुखांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की भजी तळायच्या आधीच करपली. मग टेबलावरचं माझं पुस्तक काखेत मारून ते तरातरा निघून गेले. मी घरी येऊन व्यापारी गणिताचं पुस्तक काढलं आणि सरळव्याज वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो. बामाचा वास दारापर्यंत येत होता. उजवा खांदा किंचित वर. टेबलावर ते पुस्तक, बशीच्या चित्रावर उघडं, पान पाण्यानं भिजून वाळलेलं. मी म्हणालो, “मग सर, पेपर?”

“पेपर चालू,” ते म्हणाले. “प्रात्यक्षिक बंद.”