नापासांचा वर्ग

माझे सासरे मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, असं आम्ही म्हणतो. ते स्वतः तसं मानत नाहीत. इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आमच्याकडे राहायला आले तेव्हा आल्या आल्या त्यांनी घराची तपासणी केली, माझा मसाल्यांचा कप्पा नव्याने लावला आणि मग मोर्चा नातीच्या शाळेकडे वळवला.

लेक नुकतीच इयर सेव्हनला, म्हणजे मोठ्या शाळेत गेली होती. जवळची सरकारी कॉम्प्रिहेन्सिव्ह, प्रवेशपरीक्षा न घेणारी. "मग मुलं निवडतात कशावरून?" सासऱ्यांनी विचारलं. पत्त्यावरून, मी म्हटलं. हे धोरण जणू मीच आखलं होतं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

लेकीचे पहिले दिवस वाईट गेले. प्रायमरीतल्या मैत्रिणी दुसऱ्या शाळांत गेलेल्या. पोर लायब्ररीच्या मागे एकटी डबा खायची आणि घरी येऊन "फाइन" म्हणायची. त्या फाइनचा मला भयंकर राग यायचा, आणि रडूही. मग एका दुपारी तिच्या ट्यूटर ग्रुपमधली, म्हणजे हजेरीच्या गटातली, एक मोठी मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. लेक पुन्हा जेवताना बडबडायला लागली. त्या न पाहिलेल्या मुलीवर माझा इतका जीव जडला की मी डब्यातून तिच्यासाठी चकल्या पाठवू लागले.

त्या बडबडीतूनच घोळ झाला.

"ती सिक्स्टीन आहे, आजोबा. आणि आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा आहे, त्याला मस्टॅश पण आहे."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. अकरा वर्षांच्या मुलांत सोळा वर्षांची मुलगी आणि मिशीवाला मुलगा. त्यांच्या साताऱ्याकडच्या शाळेत याचा एकच अर्थ होत असे.

"नापास," ते म्हणाले. "माझ्या नातीला नापासांच्या वर्गात घातलंय."

मी समजावून पाहिलं. रोज सकाळी हजेरीला एका खोलीत प्रत्येक इयरची थोडी थोडी मुलं बसतात, नंतर आपापल्या वर्गांना जातात, शाळेने मुद्दामच तशी व्यवस्था केली आहे.

"शाळा असंच सांगणार. शेवटच्या तुकडीकडे आम्ही विशेष लक्ष देतो, असं मीही पालकांना सांगायचो."

ग्रुप बदलून घ्यायचाच, असं त्यांनी जाहीर केलं. लेक माझ्या मागे किचनमध्ये आली. डोळे भरलेले. "मम्मा, त्यांना सांग ना, मला तिथेच राहायचंय. तिथे मला कोणीतरी ओळखतं." नवऱ्याकडे पाहावं, तर तो वडिलांसमोर अजून दहावीतलाच. "बघू" म्हणून डिशवॉशर भरायला लागला.

ट्यूटरला भेटायच्या संध्याकाळी सासऱ्यांनी कोट चढवला. ट्यूटर पीईचा, म्हणजे खेळाचा शिक्षक, थंडीत हाफपँटीवर. शिक्षकाच्या उघड्या गुडघ्यांवरूनच शाळेचे अर्धे मार्क गेले. त्याने बिचाऱ्याने आनंदाने इतिहास सांगितला. पूर्वी रस्त्याच्या अलीकडे हुशार मुलांची ग्रामर स्कूल होती आणि पलीकडे अकराव्या वर्षीच्या परीक्षेत मागे पडलेल्यांची शाळा. दोन्ही एक झाल्या तेव्हा अलीकडची मुलं पलीकडच्यांशी बोलेनात आणि मोठी लहानांना छळायची. म्हणून तेव्हाच्या हेडने सगळ्यांची मिसळ केली. मिसळ हा शब्द अर्थात माझा. तेव्हापासून ती तशीच चालू आहे.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठेवणीतलं इंग्रजी काढलं. "सर, आय रिक्वेस्ट इमिजिएट ट्रान्सफर."

लेकीने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात ज्यूसचा ट्रे घेऊन तीच मोठी मुलगी आली. उंच, दातांना तारा, कोटावर इयर इलेव्हनचा, म्हणजे आपल्या दहावीचा, बिल्ला. सासऱ्यांनी तिला सरळ इंग्रजीत विचारलं, "तू किती वेळा नापास झालीस?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मुलगी मात्र विचारात पडली.

"मॅथ्सच्या मॉक टेस्टमध्ये एकदा," ती म्हणाली. "पण त्यासाठी इथे कोणाला मागे ठेवत नाहीत. मी सेव्हनला होते ना, तेव्हा याच ग्रुपमधली एक जण माझ्यासोबत लंच खायची. आता माझी पाळी."

"ही माझी इयर इलेव्हन आहे," लेक आजोबांना म्हणाली. घरात नवी गाडी आल्यावर शेजाऱ्यांना दाखवतात तशी तिने ती दाखवली.

सासऱ्यांनी एक ज्यूस उचलला आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. ट्रान्सफरचं कोणीतरी विचारेल म्हणून मी धास्तावून होते. ट्यूटरने विचारलंच. सासऱ्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

घरी येताना ते गाडीत पुढे, गाडी चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी बसले होते. राउंडअबाउटच्या गोल चौकात आलो तेव्हा म्हणाले, "मी सातवीत दोनदा बसलो होतो."

नवऱ्याची एक्झिट चुकली. लहानपणी त्याला पाच मार्क कमी पडले की याच वडिलांच्या घरात सुतक पाळलं जायचं. आम्ही पुन्हा वळसा घातला.

"दुसऱ्या वर्षी मिसरूड फुटलं होतं. पुढच्या बाकांवरची बारकी पोरं वळून वळून हसायची. डबासुद्धा नेत नसे मी."

एक्झिट पुन्हा चुकली.

मागून लेक म्हणाली, "मग तुम्ही पण इयर इलेव्हनसारखे होते ना, आजोबा? तुम्ही त्यांच्याबरोबर लंच का नाही खाल्लं?"



"तसंही करता येतं, हे मला कोणी सांगितलंच नाही गं," सासरे म्हणाले.

नवऱ्याने तिसरा वळसा घातला. या वेळी मात्र, मला वाटतं, मुद्दाम.