दोडका बोलतोय का?

मिस्त्री वाळलेला दोडका कानाशी धरून हलवायचे, आणि मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. बघणाऱ्याला गंमत वाटे. मलाही पहिल्यांदा वाटली होती. मग नीट पाहिलं तर दोडका कानाच्या भोकाशी नसायचा, कानामागच्या हाडाला टेकवलेला असायचा. उद्यमनगरच्या कारखान्यांत उभा जन्म काढलेल्या माणसाची ती सवय. मोटरीचं बेअरिंग गेलंय का हे बघायला स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक मोटरीला लावायचं आणि दुसरं या हाडाला. "कान फशिवतो बाई, हाड न्हाय फशिवत," असं ते मला सांगत. आतलं बी सुटून खुळखुळलं की "बोलाय लागला" असं जाहीर करायचे आणि मगच दोडका फोडायचे.

फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. त्या नमुन्याचा ठसा वाळूत उठवतात आणि त्यात रस ओततात. शेजारच्या शेडमधल्या घासकामाच्या आवाजाने कान गेले आणि समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखू लागले, पण धंद्यातलं एक वाक्य त्यांनी घरी आणलं होतं: "वस्तू मोडली तर दुसरी वतता येतीया. पॅटर्न हरवला की खेळ खलास." भाजी म्हणजे ओतीव काम, ते खाऊन टाकायचं. बी म्हणजे पॅटर्न, तो जपायचा. शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं, पण वंश, परंपरा, वारसा हे शब्द मला इतक्या थोडक्यात कधी समजावता आले नाहीत.

आमच्या दोन घरांत एकच कमरेइतकी भिंत होती. पलीकडे त्यांचं परस, चार खाटा मावतील एवढं. त्यात वांग्याच्या तीन जाती, दोन घेवडे, कारली, भेंडी आणि मधूनच एखादा फसलेला प्रयोग. प्रत्येक वाफ्यात फळीचा तुकडा, त्यावर सुतारी पेन्सिलीने शेरा. 'हिरवं काटेरी : भरायला बरं.' 'पांढरं वांगं : दिसाय झ्याक, खायाला न्हाय.' पाकिटातून आणलेल्या टोमॅटोंनी नुसतीच पानं दिली, तेव्हा त्यांनी रिकामं पाकीटच फळीवर चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'फोटो बघून जेवा.' याहून प्रामाणिक परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

पण बागेचा जीव दोडक्यात होता. तो मिस्त्रींचा नव्हे, भाभींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. मलकापूरच्या पलीकडच्या माहेराहून लग्नात आलेलं बी. दोडका वीतभर, बुटका, शिरांची साल कोवळी आणि गोड; चटणीसाठीसुद्धा सोलून काढू नये अशी. माहेरी आता सगळे पाकिटातलं लावत होते. भाभींनी भावाला विचारलं तर तो म्हणाला, "कुठला दोडका गं?" त्यावर भाभी दोन दिवस घरात कुणाशी बोलल्या नाहीत. एरवी त्यांच्या तोंडाला विश्रांती नसे. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. "आमच्या ह्यांला भाजी दिसत न्हाय वो, मशीन दिसतंय. मी म्हणून टिकलो."

मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी पाऊस उघडलाच नाही आणि बियाला सोडलेले सगळे दोडके वेलावरच कुजले. डबीत चार बिया उरल्या. दोन उंदरांनी नेल्या, एक उगवली नाही, एक उगवली. सगळी जात त्या एका वेलावर आली. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. रोज साडेपाचला मिस्त्री चष्मा लावून वेलाशी उभे. शेजारपाजारच्या दोडक्यांशी मिसळ होऊ नये म्हणून मादीफुलावर कागदाची पिशवी चढवलेली असायची. ती काढून नरफूल हलक्या हाताने टेकवायचं आणि पिशवी परत बांधायची. पहिलं फळ माशीने डागलं. दुसरं बोटाएवढं होऊन गळालं. तिसरं धरलं. मिस्त्रींनी बाकीची फुलं खुडून टाकली आणि देठाला एक विटकी लाल चिंधी बांधली. चिंधी म्हणजे खूण : हे बियाला सोडलंय, हात लावू नका. भिंतीवर रोज पेन्सिलीची एक रेघ. पन्नास-पंचावन्न रेघा झाल्या की दोडका बोलणार होता.

इथे मी शहाणपणा केला.

कॉलनीने परसबाग स्पर्धा काढली. मानपत्रं लिहायला निवृत्त मराठी शिक्षिका लागतेच, म्हणून मला समितीत ओढलं. मी मिस्त्रींचं नाव घातलं. ते नको म्हणाले. मी म्हटलं, लोकांना कळू दे तरी. पाहुणे म्हणून एक साहेब ठरले. कशाचे साहेब ते कुणी विचारलं नाही. आमच्या गावात फेटा बांधल्याशिवाय सत्कार होत नाही आणि सत्कार झाल्याशिवाय आठवडा सरत नाही. प्रत्येक बागेच्या दाराला फीत लावायची, साहेबांनी ती कापायची आणि आत जायचं, असा बेत होता. फितीचं रीळ माझ्याकडे.

मला काळजी पडली ती चिंधीची. इतकी विटलेली, दिसणार कुणाला? गर्दीत एखादा सहज हात घालील. म्हणून स्पर्धेच्या सकाळी मी रिळातली हातभर लाल साटीन फीत कापली आणि मिस्त्रींच्या देखत दोडक्याच्या देठाला बांधली. फूलसुद्धा पाडलं. मिस्त्री म्हणाले, "बाई, लईच नटवला की." भिंतीवर अडतीस रेघा होत्या.

मिस्त्रींचा बोळ अरुंद, म्हणून त्यांच्या दाराला समितीने फीत लावलीच नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. साहेब दोन बागा उरकून हातात कात्री घेऊनच आले. दारात कापायला काही सापडेना, तसे ते थोडे अस्वस्थ दिसले. आत मिस्त्रींना फेटा बांधणं चाललं होतं. तो डोळ्यांवर उतरला होता. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "साहेबांनी उद्घाटन करावं." साहेबांनी नजर फिरवली. वेलावर लाल फीत, तिला फूल. त्यांचा चेहरा उजळला.

मी "अहो, नको—" म्हणाले तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. फीत आणि देठ एकाच कात्रीत गेले.

मिस्त्रींना टाळ्याही ऐकू आल्या नाहीत. फेटा वर सारून त्यांनी पाहिलं तर दोडका साहेबांच्या हातात होता. "देठ!" ते ओरडले. "देठ कुठं कापला? देठ बघू!" साहेबांना तो आशीर्वाद वाटला. त्यांनी नमस्कार केला आणि दोडका ड्रायव्हरच्या हातात दिला. "घरी भाजी करायला सांगतो. सेंद्रिय आहे ना?"

गाडी बोळाच्या तोंडाशी होती. मिस्त्री फेट्यासकट धावले, पण त्यांच्या आधी भाभी पोचल्या आणि बॉनेटला हात टेकून उभ्या राहिल्या.

"ओ पावणं, तो दोडका ठेवा खाली."

"मावशी, आपणच दिलात की," सेक्रेटरी मध्ये पडले. "बरं दिसत नाही."

"कुणी दिला? तुमी कापला. तुमाला दुसरी धा वांगी देतो मी. तो खायाचा न्हाय, बियाचा हाय."

साहेबांनी काच वर घेतली. गाडी सुरू झाली. भाभी हलल्या नाहीत. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. शेवटी काच पुन्हा चार बोटं खाली आली आणि त्या फटीतून दोडका बाहेर आला. भाभींनी तो पदरात घेतला. मानपत्र वाचायचं राहिलं. मी ते चांगलं लिहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वेलाला भुरीची पांढरी बुरशी लागली होती, नवं फळ धरणं शक्य नव्हतं. दोडका स्वयंपाकघरात खिडकीशी टांगला होता. कच्चं फळ तोडलं तर बी आत पिकतं की पोचट राहतं, हे मिस्त्रींनाही ठाऊक नव्हतं. भाभींनी टोमणाही मारला नाही, आणि तेच मला जड गेलं. भिंतीवरच्या रेघा मात्र रोज वाढत होत्या. तोडलेल्या फळाचे दिवस मिस्त्री कशासाठी मोजत होते, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पंचावन्नाव्या रेघेला ते माझ्या दारात आले. दोडका तपकिरी पडला होता.

"हाडाला काय लागंना," ते म्हणाले. "माझंच हाड म्हातारं झालं का काय. तुमी ऐका. हिला इचारलं तर मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलंल."

मी कानाशी धरला. हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. 'बोलतोय' म्हणणं फार सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलं," ते म्हणाले. "खरं बोलला." आणि दोडका घेऊन गेले.

दहा दिवसांनी पुन्हा आले. या वेळी आत एक बारीक टकटक होती. एकच. मी एक बोट वर केलं. मिस्त्री खुर्चीवर बसले, आणि त्यांनी पाणी मागितलं.

बी निघालं ते बहुतेक पांढरं, पोचट. काळ्या तीनच बिया. वाटीभर पाण्यात टाकल्या; तरंगेल ती पोकळ. एक तरंगली, दोन तळाला गेल्या. आम्ही तिघं त्या वाटीकडे बराच वेळ बघत राहिलो, न जाणो तळातली एखादी वर यायची.

उन्हाळ्यात घरमालकाने घर पाडायला काढलं. मिस्त्री आणि भाभी वारणानगरला मुलीकडे निघाले. निघताना मिस्त्रींनी माझ्या हातावर एक बी ठेवलं आणि सोबत ती विटकी चिंधी. "पॅटर्न दोन ठिकाणी ठेवायचा असतो. एका शेडला आग लागली तर?" मी म्हटलं, माझ्याकडेच कसं देता, माझ्याच हातून तर हे झालं. ते म्हणाले, "म्हणून तर. तुमी आता इसरणार न्हाय."

त्यांचं बी उगवलं नाही. माझं उगवलं. पावसाळाभर मी साडेपाचनंतर कुठे गेले नाही. एक फळ धरलं, त्याला चिंधी बांधली, रेघा ओढल्या. पन्नासाव्या रेघेला फोन केला. भाभींनी तो मिस्त्रींच्या कानामागच्या हाडाला लावला, मी इकडे दोडका हलवला. पुन्हा हलवला. मग मिस्त्रींचा मोठा आवाज आला, "अजून वल्ला हाय. आठ दिस थांबा. गडबड करू नगा."

त्यांना खरंच काही लागलं होतं का, कोण जाणे. मी आठ दिवस थांबले. त्या आठ दिवसांतच मिस्त्री गेले.

मी वारणानगरला गेले तेव्हा पिशवीत दोडका होता. तो बाहेर काढावा की नाही, कळेना. भाभींनीच पिशवीकडे पाहिलं.

"आणलाय न्हवं? हलवा की. मी ऐकतो."

मी हलवला. दोडका खुळखुळला, चांगला मोठ्याने. भाभींनी मान हलवली, दोडका माझ्या हातातून घेतला, ताटात फोडला. बिया काळ्याभोर निघाल्या. त्यांनी बोटाने त्यांचे दोन ढीग केले, एक स्वतःकडे ओढला, एक माझ्याकडे सरकवला.

"दोन ठिकाणी," त्या म्हणाल्या. "आणि बाई, फीत बांधू नगा."