सुईचा पंडुम

मी चौथीत शाळा सोडली, पण मान कुणापुढं खाली घातली नाही. माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नाल्यात सोडले होते. त्यामुळं गोवराला मी देवीबिवी मानत नव्हतो, रोगच मानत होतो. तरी नर्सबाई गोवराची सुई घेऊन पहिल्यांदा गावात आली, तेव्हा मी पोरीला पुढं केलं नाही. बायकोनं पाण्याचा गिलास दिला, तर बाईनं हात लावला नाही. जिला आमच्या घरचं पाणी चालत नाही, तिची सुई माझ्या पोरीला कशाला?

नाल्यापलीकडं गोंडांची छोटी वस्ती, तिला टोला म्हणतात. तिथला गायता, म्हणजे गावदेवाचा पुजारी, तेंदूपत्ता तोडताना माझा जोडीदार. त्यानंही बाईला परत पाठवलं होतं. त्याचं कारण वेगळं. त्यांच्यात नवा आंबा, नवा मोह देवापुढं ठेवल्याबिगर कुणी तोंडात घालत नाही. त्या पूजेला पंडुम म्हणतात. सुई नवी, अन् तिचा पंडुम झाला नव्हता.

मग शेजारच्या गावात गोवरानं एक लेकरू गेलं.

"तुमचा मान पोरीले पाजू का आता?" बायको म्हणाली.

नाला ओलांडून गायत्याकडं गेलो.

"भाऊ, करून टाक ना सुईचा पंडुम."

तो हसला. "देव तू मानत नाईस, अन् पूजा मले सांगून राह्यला?"

"पूजा तू कर. मी उभा राहीन."

"मंग पहिली सुई तुह्या पोरीले. ज्यानं पंडुम मागतला, त्यानं पहिला घास घ्यावा."

"त्या बाईले आधी माह्या घरी पाणी तं पिऊ दे!"

बाजाराच्या दिवशी बाई आली. मी तोंडावरच विचारलं, "आमचं पाणी काऊन चालत नाई तुमाले?"

बाई चपापली. "भाऊ, मागं कावीळ झाली होती मले. तवापासून कोणाच्याच घरचं कच्चं पाणी पीत नाई. पाटलाच्या घरचंबी नाई."

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की बस. "मंग चहा ठेवते. तो तं उकळतेच."

बाईनं चहा बशीत ओतून फुर्र फुर्र करत घेतला, वर अजून साखर मागितली. मग आम्ही सारे टोल्यावर गेलो.

"औषध उन्हात ठेवता येत नाई," बाईनं सांगितलं. तेव्हा गायत्यानं औषधाऐवजी तिच्या थंड डब्यातला बर्फाचा खडा पळसाच्या पानावर घेऊन देवापुढं ठेवला, वर मोहाची फुलं वाहिली. खडा भराभर वितळायला लागला.

"देव घाईत खाऊन राह्यला," गायता म्हणाला. "आणा पोरीले!"

पोर अशी कोकलली की टोल्यावरची कुत्री भुंकली. गायत्यानं तिच्या मुठीत चारं, म्हणजे चारोळीची गोड फळं, दिली अन् स्वतःचा नातू बाईपुढं धरला. मग टोल्यावरच्या बाया आल्या, मागून आमच्या मोहल्ल्यातल्याही.

संध्याकाळी पोर दंडाला हात लावू देईना.

"पहिला मान आपल्याले भेटला ना," मी म्हटलं.

"मान नाई, ठणका भेटला," बायको म्हणाली, अन् पोरीला माझ्या मांडीवर टाकून चहा ठेवायला उठली.