वरून खरं हाय

“हाव, वरून खरं हाय. खालून?” असं म्हणून आमचे साहेब उजव्या पायाची टाच जमिनीवर हलकेच दोनदा आपटायचे. समोर तहसीलदार असो, शेतकरी असो, नाहीतर आमच्या ऑफिसचा शिपाई असो, त्यात बदल नाही. शिपायानं तर त्यांची हुबेहूब नक्कल बसवली होती. दुपारी डबे उघडले की तो कुणाच्याही भाकरीकडे बघून टाच आपटायचा, आणि उलटून पाहिली तर भाकरी नेमकी करपलेली निघायची. त्या नकलेला ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. पाण्याच्या सर्वेक्षणाचं आमचं ऑफिस एका भाड्याच्या घरात थाटलेलं. स्वयंपाकघरात कपाटं, न्हाणीत मोजमापाची हत्यारं, आणि ओसरीवर माझं टेबल. ते भूवैज्ञानिक आणि मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. उदगीरला आमचं किराणा दुकान, घर लिंगायत, त्यामुळे ऑफिसात मी सगळ्यांचा आप्पा.

तुम्ही सरकारी नकाशा कधी निरखून पाहिला असेल तर तुमच्याही लक्षात आलं असेल. हद्दीच्या आत सगळं असतं, ओढे, रस्ते, विहिरी. हद्दीबाहेर कोरा कागद. तशी पद्धतच आहे. जुन्या जिल्ह्याच्या नकाशातून नवा जिल्हा मी त्याच पद्धतीनं वेगळा काढला आणि मोठ्या झोकात त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि कडेला बोट ठेवून विचारलं, इथली विहीर कुठं गेली? मी म्हटलं, ती जुन्या जिल्ह्यात राहिली.

“हाव, वरून राहिली,” ते म्हणाले, आणि टाच आपटली.

साहेब, तुम्ही एक दिवस घरमालकाची फरशी फोडणार, असं मी त्यांना म्हणालो. पण तेव्हापासून ते माझ्या मागेच लागले. विहिरींतलं पाणी जिथं सारख्या उंचीवर असतं त्या जागा जोडून आम्ही रेषा काढत असू. त्या रेषा हद्दीवर आल्या की मी थांबवायचो. त्या पुढे न्या, निदान तुटक तरी काढा, हा त्यांचा हट्ट. पाणी हद्दीपाशी थांबत नाही तर रेषा कशी थांबेल, एवढंच त्यांचं म्हणणं. बरोबर होतं, पण पद्धत नव्हती.

गावोगावच्या लोकांना त्यांचं भारी कौतुक. जमिनीखालचं सांगतो म्हणजे हा माणूस पायाळू असणार, पायाकडून जन्मलेला, अशी बऱ्याच जणांची खात्री होती. एका म्हातारीनं तर तोंडावरच विचारलं. “न्हाई माय, डोक्याकडूनच आलो,” ते म्हणाले, “म्हणून तर एवढं शिकावं लागलं.”

कुठल्याही विहिरीवर ते चपला काढून चढायचे. कितीही ऊन असो. पोळलेल्या दगडावर उभं राहून टेप सोडायचे, पाण्याची पातळी सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो. देवळासारखं मानतात म्हणावं, तर देवळात ते कधी गेले नाहीत. त्यांचं घर बौद्ध. एकदा मी विचारलंच. त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आईला चढू देत नसत. ती खाली घागर घेऊन उभी राहायची आणि कुणी वरून ओतलं तर घरी पाणी यायचं. “आता मी चढतो तर दगड पायाला लागू द्यावा, म्हणून,” ते म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले. आवाज रोजच्यासारखाच होता. मला मात्र पुढचा आकडा नीट ऐकू आला नाही, पुन्हा विचारावा लागला.

आमच्या जिल्ह्याची एक कड कर्नाटकाला लागते. एका ठिकाणी हद्द म्हणजे नुसता ओढा, तोही निम्मं वर्ष कोरडा. शेळ्या चरता चरता राज्य बदलून यायच्या. ओढ्याच्या अलीकडे आपलं गाव आणि पलीकडे त्यांचं. दोन्हींच्या खाली भेगाळलेल्या खडकाचा एकच थर होता आणि पाणी त्यात साठलेलं. त्यांची धाकटी बहीण पलीकडच्या गावात दिली होती.

सरकारी टेप दुसऱ्या राज्याच्या विहिरीत सोडायचा अधिकार आम्हाला नव्हता. मग ते रविवारी बहिणीकडे पाहुणे म्हणून जात आणि स्वतःच्या पैशानं घेतलेला टेप पिशवीत नेत. एकदा मीही गेलो. “नीरू साहेब आला,” म्हणत पोरंटोरं मागे लागली. नीरू म्हणजे कानडीत पाणी. बहिणीनं भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी वाढली. वाढता वाढता ती म्हणाली, “आण्णा, तू मला भेटाया येतोस का माझ्या हिरीला?”

“दोघींना,” ते म्हणाले. जेवण झाल्यावर चपला बाहेर काढून ते विहिरीवर चढले. पाणी चांगलं वर होतं. ती खालून बघत होती आणि हसत होती.

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा गेला, दुसराही तसाच गेला. ओढ्याच्या अलीकडच्या गावात बाया सकाळपासून टँकरची वाट बघत बसत. तालुक्याच्या गावी तर भांडणं हाणामारीवर गेली होती. अलीकडच्या गावात ओढ्याच्या काठानं खोल बोअर घ्यायचे, मोटारी बसवायच्या आणि तिथून तालुक्याला पाणी न्यायचं, असं ठरलं. जागा आमच्या साहेबांनी दाखवायच्या होत्या.

त्यांनी दाखवल्या. खरी जागा तीच होती. पण अहवालात त्यांनी लिहिलं की थर दोन्हीकडे एकच आहे. मोटारी सतत चालवल्या तर पलीकडच्या विहिरी आटतील. तेव्हा उपशाला पाळी लावावी आणि पलीकडच्या लोकांशी आधी बोलून घ्यावं. सोबतचा नकाशा मी काढला होता. त्यात पाण्याच्या रेषा ओढा ओलांडून पुढे गेलेल्या होत्या, तुटक, बहिणीच्या विहिरीपर्यंत.

वरिष्ठांनी अहवाल परत केला. माणूस वाईट नव्हता, रात्रंदिवस दुष्काळामागे पळून थकलेला होता. दुसऱ्या राज्याशी बोलणं आपल्या हातात नाही, तिकडचं पाणी कुणी आणि कसं मोजलं असं विचारलं तर काय सांगणार, नकाशा हद्दीत ठेवा, एवढं ते म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

साहेब ओसरीवर माझ्या टेबलाशी आले. शाईची रेष काढून टाकायला आम्ही दाढीचं पातं वापरत असू. मी पातं घेतलं तर त्यांनी हात पुढे केला. “द्या आप्पा. मोजलं मी, खरवडतो बी मीच.” हद्दीबाहेरची एकेक रेष त्यांनी खरवडली आणि भुकटी फुंकून टाकली. त्यांना सवय नव्हती, कागद चरचर वाजत होता. मी म्हटलं, साहेब, सही नका करू. त्यांनी पातं पुसून टेबलावर ठेवलं.

“अलीकडल्या बाया बी तहानलेल्याच हायत,” ते म्हणाले. मग सही केली.

बोअरना पाणी लागलं. ऑफिसात पेढे आले. त्यांनी पेढा घेतला आणि खाल्लाही.

पुढच्या उन्हाळ्यात बहीण एसटीनं लातूरला आली. तिनं मला ओळखलं, रामराम केला आणि त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. विहिरीचा तळ दिसतोय, गाळ काढला तरी झरा येत नाही, असं तिनं सांगितलं. ओढ्यापलीकडं मोटारी दिवसभर वाजतात तेही सांगितलं. रागानं नाही, सांगायचं म्हणून. मग तिनं विचारलं, “आण्णा, तुला ठाव व्हतं का?”

“हाव.”

तुम्ही म्हणाल, त्यांनी अहवालाचं सांगायला हवं होतं, वरिष्ठांचं सांगायला हवं होतं. मीही तोंड उघडलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं. शिपायानं पाणी आणून ठेवलं. तिनं ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायली आणि उठली. साहेब तिला स्टँडवर सोडायला गेले. परत आल्यावर त्यांनी पुढची फाईल काढली.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात काही वाटायचंच बंद झालं होतं. टँकर, सही, पुढचा टँकर, असं चाललेलं. ते “खालून?” म्हणायचे थांबले हेसुद्धा आम्हाला उशिरा कळलं. शिपायानं एकदा सवयीनं टाच आपटली आणि कुणीच हसलं नाही. नंतर त्यानंही सोडून दिलं.

त्यांची नांदेडला बदली झाली, तिथंच ते निवृत्त झाले आणि विष्णुपुरीच्या बाजूला घर बांधून राहिले. मी अधूनमधून जात असे. बोलणं मुलांचं, गुडघ्यांचं. पलीकडच्या गावाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. बहीण लग्नाकार्याला येऊन जायची एवढं वहिनींकडून कळायचं. तिची विहीर पुढे पावसाळ्यात थोडी भरायची आणि हिवाळा सरायच्या आत रिकामी व्हायची.

ते गेले तेव्हा मला निरोप उशिरा मिळाला. जलदान विधीला मात्र पोचलो. गेलेल्या माणसाच्या नावानं घरचे लोक तांब्यातलं पाणी संथ धारेनं ताटातल्या वाटीत ओततात, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. मुलांचं झालं आणि बहिणीची पाळी आली. ती आता थकली होती, पण धार तिची सगळ्यांत बारीक. वाटी काठोकाठ भरली आणि तिनं तांब्या सरळ केला. विधी सांगणारे हलक्या आवाजात म्हणाले, सांडू द्या बाई, सांडायचं असतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवला. पुन्हा कुणी तिला म्हटलं नाही.

विधी संपल्यावर तिनं ती वाटी दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेली आणि लिंबाच्या बुडाशी रिकामी केली. पाणी मुरेपर्यंत वाकून बघत राहिली. मी शेजारी उभा होतो.

“आप्पा,” तिनं विचारलं, “हे खालून आमच्याकडं येतं का?”

जन्मभर मी त्याच रेषा काढल्या होत्या. नांदेडचं पाणी गोदावरीकडे उतरतं, तिच्या गावाकडे नाही. होय म्हणावं असं फार वाटलं. मी म्हणालो, “नाही, बाई.”

तिनं मान हलवली.

“आण्णानं बी खरंच सांगितलं असतं,” ती म्हणाली, आणि दाराशी पडलेल्या चपलांत आपल्या चपला शोधू लागली.