मागचं पान वाचणारे सर

आमच्या कॉलेजचे लायब्रेरियन सर कुठलंही पुस्तक हातात आलं, की आधी पहिलं पान उलटून त्याच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचायचे. लेखक कोण, हक्क कुणाचे, आवृत्ती कितवी. बाकीचं पुस्तक ते वाचत असतील, असा आरोप त्यांच्यावर कुणी केला नाही. आम्ही त्यांना ‘मागचं पान’ म्हणायचो आणि त्यांना ते ठाऊक होतं.

इंदूरच्या मिलचे भोंगे एकेक करून बंद पडत होते आणि भंवरकुआं चौकात झेरॉक्सची दुकानं एकेक करून उघडत होती. देशात सगळं खुलं झालं होतं, अपवाद फक्त आमची लायब्ररी. तिथे एखाद्या धड्याची झेरॉक्स मिळे, अख्ख्या पुस्तकाची नाही. अख्खं हवं असेल तर सर प्रकाशकाला पत्र लिहायला लावत, मसुदाही स्वतःच सांगत. मी एकदा लिहिलं. परवानगी आली, अगदी सन्मानपूर्वक, परीक्षेचा निकाल लागल्यावर.

माझे बाबा मिलच्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होते. मिल बंद झाल्यावर ते घरी मुलांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवू लागले आणि शिकवता शिकवता त्यांनी हाताने आकृत्या काढलेली एक जाडजूड वही तयार केली. संदर्भ बघायला ते आमच्या लायब्ररीत येत. सरांनी वही पाहून तिची एक प्रत मागितली, तेव्हा बाबा संकोचले. ही काय, साधी टिपणं आहेत, म्हणाले.

“साहेब, लिहिलं त्या क्षणीच ते तुमचं झालं. छापून येण्याची वाट बघावी लागत नाही,” सर म्हणाले.

मिलने घरी बसवल्यापासून बाबांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. दोन महिने खपून त्यांनी दुसरी प्रत केली. सरांनी तिच्यावर तारखेचा शिक्का मारून ती कपाटात ठेवली.

मित्रांना वही हवी होती. मी सरांकडे गेलो, तर महाशय म्हणतात, लेखकाची परवानगी आण. लेखक म्हणजे सकाळी माझ्याच शेजारी बसून पोहे खाणारे माझे बाबा! मी चिडून घरची मूळ वही न विचारता उचलली आणि भंवरकुआंच्या दुकानात दिली. “कल ले जाना, भिया,” दुकानदार अस्सल इंदुरी थाटात म्हणाला. तो कल अजून उजाडायचाय. महिन्याभरात एका कोचिंग क्लासच्या नोट्स विकायला आल्या. रेषा बाबांच्या, नाव क्लासचं.

त्या नोट्स पाहिल्या आणि बाबांनी शिकवणं थांबवलं. त्याची शरम मला आजही वाटते.

सरांपुढे मी सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. शिक्क्याची प्रत पिशवीत घालून माझ्याबरोबर क्लासमध्ये आले. मालक मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, “अंकलजी, अब तो सब खुल गया है.”

सरांनी बाबांची प्रत आणि क्लासच्या नोट्स शेजारी शेजारी ठेवल्या. “बढ़िया है. तो इसमें का एक चित्र हाथ से बनाके बता दो.”

पुढच्या प्रतींवर बाबांचं नाव आलं. मूळ वही मात्र मालकांना फार शोधूनही सापडली नाही. बाबांनी सोमवारपासून पुन्हा शिकवायला घेतलं.

काही वर्षांनी बाबा गेले. सर तेव्हा निवृत्तीला आले होते. बाबांच्या हातची आता लायब्ररीतली तेवढी एकच प्रत उरली होती, म्हणून मी झेरॉक्स मागायला गेलो. सरांनी सवयीप्रमाणे पहिलं पान उलटलं.

“अख्खी हवी? मग वारसांची परवानगी लागेल.”

“सर, वारस मीच आहे.”

“मग अर्ज दे, भिया. आणि आई आहेत ना? त्यांचीही सही आण.”

मी स्वतःच स्वतःला परवानगी देणारा अर्ज लिहिला. मसुदा अर्थातच सरांचा. घरी आई चष्मा लावून तो वाचू लागली आणि बाबांच्या नावाआधीच्या ‘लेखक’ या शब्दापाशी थांबली. असंच लिहितात का, तिने विचारलं. मी म्हटलं, कायदाच तसा आहे. तिने सावकाश सही केली आणि कागद माझ्या हातात देताना म्हणाली, “देण्याआधी याची एक झेरॉक्स मला आणून दे.”