बाणाकडं न बघणारा नवशिका

मंडळी, आज सकाळी मी आणि थोरला भाऊ अण्णा पिरनवाडीच्या माळावर पेंढीवर बाण मारत होतो. तेवढ्यात लष्कराच्या कॅम्पाकडून एक अनोळखी माणूस आला. "मलाबी शिकवा," म्हणाला.

मी धनुष्य दिलं. डावा हात ताठ ठेवा, दोरी हनुवटीपर्यंत ओढा, असं सांगितलं. तो मात्र विचारत होता, "अजून कोण कोण येतं? कुणाच्या घरी जमता?"

त्यानं बाण सोडला. कुठलाही नवशिका बाण कुठं पडला ते आधी बघतो. हा आमच्याच तोंडांकडं बघत होता.

तो गेल्यावर अण्णा म्हणाला, "गोऱ्या सरकारचा माणूस हाय रं. आपल्या शाळेच्या मास्तरांना असंच माणूस पाठवून आत टाकलं."

उद्या परत येतो म्हणून गेलाय. आम्ही गेलो तर तो आणखी नावं काढून घेईल, गेलो नाही तर आम्ही सरकारविरुद्ध जमतो हा त्याचा संशय पक्का होईल. तुम्ही काय केलं असतं?