बहिणीचं इंग्रजी

आमच्या घरी रागाची जागा ठरलेली. आम्ही ठाण्याचे मराठी बोलणारे ज्यू. मराठीत राग नाकावर, आणि प्रार्थनेतल्या हिब्रूतही तो नाकातच. देव सहनशील आहे म्हणायचं तर हिब्रूत त्याला ‘लांब नाकाचा’ म्हणतात, हे बाबांनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघी बहिणी सिनेगॉगमध्ये तोंड दाबून हसलो होतो. धाकटीचं नाक आखूडच. जरा मनाविरुद्ध झालं की भडकायची, आणि म्हणूनच तिची आईला कधी काळजी वाटली नाही.

लग्न होऊन ती इस्राएलला गेली. नवरा तिकडेच वाढलेला. घरच्यांमुळे मराठी उत्तम, हिब्रू तर त्याचीच, इंग्रजी मात्र यथातथाच. दर शुक्रवारी, शाब्बाथचे दिवे लावायच्या आधी, आई व्हिडिओ कॉल करते. मागच्या वर्षी बहीण अचानक माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. मला आधी वैतागच आला. वागळे इस्टेटच्या ऑफिसात दिवसभर तेच तर खरडते मी, घरी तरी सोड ना बाई. मग लक्षात आलं, नवरा शेजारी येऊन बसला की ती इंग्रजीवर जाते. तेव्हापासून मी तिचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकायला लागले.

आईला इंग्रजी येत नाही. फोन ठेवल्यावर विचारायची, “काय म्हणत होती?”

“जरा ‘डाऊन’ आहे म्हणे. म्हणजे खाली.”

“खाली म्हणजे काय? पोटात कालवतंय, छाती धडधडते, नक्की होतंय काय तिला?”

आमच्या त्या शाळेतल्या इंग्रजीत माणूस नुसता खाली जातो. त्याला कुठे लागलंय ते काही कळत नाही, आणि मला त्या भाषेचाच संताप यायचा.

गेल्या शुक्रवारी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बहीण हसत एक वाक्य बोलली. मी आमच्या बाजूचा आवाज बंद केला आणि आईला शब्दाला शब्द सांगितलं, “अंड्यांच्या टरफलांवरून चालतेय म्हणते.”

आई स्क्रीनकडे बघत राहिली. “आवाज झाला तर उठतं कोण?”

आईने मला आवाज चालू करायला लावला.

“जावईबापू, मला हल्ली बरं नसतं. लेकीला महिनाभर पाठवा.”

आई ठणठणीत आहे.

“पाठवतो की, आई,” तो गोड हसला. “पण तिचा पासपोर्टच कुठे सापडत नाहीये.”

बहिणीने मान खाली घातली, आणि फोन त्यानेच बंद केला.